सोलर बोटीचं किट: मीटरवर व्होल्ट दिसले म्हणून पैसे देऊ नका

विज्ञान प्रदर्शनं आणि डिप्लोमाचे प्रोजेक्ट जवळ आले की ‘फायबरग्लास सोलर बोट, संपूर्ण किट’ अशा जाहिराती फिरू लागतात. त्यातलंच हे एक किट, साडेचार हजारांचं. पैसे आगाऊ, यूपीआयने, बिल नाही. जाहिरातीत काय म्हटलं होतं? दोन फुटी बोट, ७ वॅटचं सोलर, इपॉक्सी रेझिन (काचेच्या कापडात मुरून घट्ट होणारं द्रव), ९९०० एमएएच क्षमतेचा लिथियम सेल. यातला जवळजवळ एकही शब्द खरा निघाला नाही. विक्रेत्याचं नाव देण्यात अर्थ नाही, हाच माल वेगवेगळ्या नावांनी खपवला जातो. माल ओळखायला शिकलेलं बरं.

आधी पॅनल. ११० बाय ६० मिमीची दोन पॅनल, मागे स्टिकर ‘६ व्होल्ट, ३.५ वॅट’. हा खोटेपणा नुसत्या फूटपट्टीने पकडता येतो. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात. या पॅनलचं क्षेत्रफळ ६६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्यावर पडणारं ऊनच मुळी ६.६ वॅटचं. त्यातून ३.५ वॅट वीज काढायची तर ५३ टक्के कार्यक्षमता हवी, आणि साध्या सिलिकॉन सेलची सैद्धांतिक कमाल मर्यादाच २९ टक्क्यांच्या आसपास आहे. या मापाचं चांगलं पॅनल १ वॅट देतं, फार तर १.२.

विक्रेत्याच्या व्हिडिओत मात्र मीटर लावून ७ व्होल्ट दाखवले होते. ते दिसणारच! व्होल्टेज पॅनलमधल्या सिलिकॉनच्या पट्ट्यांच्या संख्येवर ठरतं. लोड नसताना, म्हणजे पॅनलला काही जोडलेलं नसताना, एक पट्टी ०.६ व्होल्टच्या आसपास देते, १२ पट्ट्या म्हटल्यावर ७ च्या वर जातंच, मग पट्टी केवढीही असो. करंट ठरतो पट्टीच्या आकारावर, आणि तो व्हिडिओत कुणी मोजत नाही. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घ्या, पॅनल सूर्याकडे सरळ धरा, दोन्ही वायर थेट मीटरला लावा. एवढ्याशा पॅनलला शॉर्ट केल्याने काही होत नाही (लिथियम सेलला चुकूनही असा मीटर लावू नका). खरोखर ३.५ वॅट असते तर ५८० मिलिअँपिअरच्या पुढे आकडा दिसायला हवा होता. दिसले १७० च्या घरात.

मोठं नुकसान मात्र रेझिनने होतं. किटात थर्माकोलचा हल, म्हणजे बोटीचं अंग, असतो. त्यावर काचेचं कापड रेझिनने चढवायचं. सोबतच्या बाटलीवर ‘इपॉक्सी’ लिहिलेलं आणि आत असतं पॉलिस्टर रेझिन, कारण ते बरंच स्वस्त पडतं. पॉलिस्टरमधलं स्टायरिन हे द्रावक थर्माकोल विरघळवतं. पहिला हात मारला की दहा मिनिटांत हलवर खड्डे पडतात, कडा बसतात, आणि दोष बनवणाऱ्याच्या माथी येतो. बाटली उघडण्याआधीच ओळख पटते ती हार्डनरच्या, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या द्रवाच्या, मापावरून. इपॉक्सीला हार्डनर भरपूर लागतो, प्रकाराप्रमाणे दोनास एक किंवा दहास एक. सोबत ड्रॉपरची इवलीशी बाटली आणि ‘शंभर ग्रॅमला दीड-दोन ग्रॅम टाका’ अशी सूचना असेल तर ते पॉलिस्टरच. उघडल्यावर नाकात शिरणारा उग्र वास येतो. तरी शंका असेल तर थर्माकोलच्या तुकड्यावर एक थेंब टाकून पाहा. तिसरी, जांभळट द्रवाची बाटली आली असेल तर ते कोबाल्ट, रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं. ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच हार्डनर घालायचा. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. किटातल्या कागदावर याबद्दल अवाक्षर नाही, आणि ही पेटी शाळकरी मुलांसाठी म्हणून विकली जाते.

हेच रेझिन वापरावं लागणार असेल तर थर्माकोलवर आधी फेव्हिकॉलचे दोन हात देऊन पूर्ण वाळवा, एकही भोक राहता कामा नये. बाटलीत जेलीसारख्या गाठी दिसल्या तर रेझिन जुनं झालंय, ते फेकून द्या.

कापडाचीही तीच गत. हवं असतं १६० ते २०० जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम) विणलेलं काचेचं कापड, येते ४५० ची चॉप्ड मॅट, म्हणजे काचेच्या तुटक धाग्यांची, केसांच्या गुंत्यासारखी दिसणारी. दोन फुटी हलचं क्षेत्रफळ ०.१६ चौरस मीटर धरा. मॅटचे दोन थर म्हणजे १४४ ग्रॅम काच. ती वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन पिते, म्हणजे हल अर्ध्या किलोवर गेला. १६० च्या कापडाच्या दोन थरांत काच ५१ ग्रॅम आणि जवळजवळ तेवढंच इपॉक्सी, सगळं मिळून शंभरेक ग्रॅम. चारशे ग्रॅमचा फरक! बोट बुडत नाही, पण दोन वॅटवर धड सरकतही नाही. शिवाय या मॅटचे धागे धरून ठेवणारा बाइंडर स्टायरिनमध्येच विरघळतो. म्हणून तुम्ही नंतर खरं इपॉक्सी आणलंत तरी त्याखाली ही मॅट नीट भिजणार नाही.

आता सेल. किटातला सेल १८६५० या मापाचा, बोटाएवढा गोल. त्या मापात ९९०० एमएएचचा सेल जगात कुणी बनवत नाही. चांगला सेल साडेतीन हजार एमएएचपर्यंत जातो आणि वजन भरतं ४५ ते ४८ ग्रॅम. किराणाच्या डिजिटल काट्यावर ठेवा. पस्तिसाच्या आत भरला तर परत करा. चार्जिंगचा टीपी ४०५६ बोर्डही बघून घ्या. त्यावर वायर जोडायचे चारच पॅड (धातूचे ठिपके) असतील तर त्यात सेलचं संरक्षण नाही, सहा हवेत. मोटर खेळण्यातली, ‘१३०’ मापाची छोटी होती. ती भाराखाली अर्ध्या अँपिअरच्या पुढे मागते, आणि या पॅनलवर थेट जोडली तर नुसती गुणगुणते.

तक्रार केल्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘हिवाळ्यात ऊन कमी असतं’. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो. डेकवर आडव्या पॅनलला तरी पाऊण ऊन मिळतं आणि सूर्याकडे कललेल्या पॅनलला जवळजवळ पूर्ण. ७ चे २ वॅट त्याने होत नाहीत.

पेटी उघडताना व्हिडिओ काढा, त्यात पॅनलवर फूटपट्टी आणि सेल काट्यावर दिसू द्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन घेणार असाल तर मीटर आणि छोटा काटा पिशवीत टाका, आणि पॅनल दुकानाबाहेर उन्हात नेऊन करंट मोजू देणाऱ्याकडूनच घ्या.