पॅड बदलायला दिले आणि हेडफोनचे ड्रायव्हर गेले

नाशिकमध्ये कुणी हेडफोन मॉडिफाय करायला देणार असेल, तर आधी हे वाचा.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं साउंड एडिटिंग करते. रोज सहा-सात तास हेडफोन कानावर असतो. सेनहायझरचे एचडी ६०० आणि एचडी ६५० हे दोन्ही हेडफोन आठवडाभर ऐकून मी ६५० घेतला होता, कारण तो दिवसभर लावला तरी आवाज टोचत नाही. चार वर्षांत त्याचे पॅड चेपून पापडासारखे झाले. कान आतल्या फोमला टेकायचा, चष्म्याची काडी कानशिलात रुतायची. कॉलेज रोडच्या बाजूला एकजण हे काम करतो असं कळलं. 'नवीन लेदरचे पॅड, आत डॅम्पिंग (आवाजाची थरथर शोषणारा थर), चांदीची वायर, साडेचार हजार,' म्हणाला. मी रोख दिले. बिल मागितलं नाही, ही माझी मोठी चूक.

चार दिवसांनी हेडफोन मिळाला. त्याने तो माझ्याच मोबाइलला लावून दाखवला. 'बघा ताई, आता अँप्लिफायरची गरजच नाही!' आवाज खरंच दणदणीत होता. मी खूश होऊन घरी आले.

रात्री एका मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं. तंबोऱ्याची जवारी हरवली होती, नुसती एक घोगरी गुणगुण. मला वाटलं, लेदर पॅडमुळे असेल. पॅडचं कापड, जाडी बदलली की आवाज बदलतो, हे खरंच आहे. आणि नेमक्या याच गोष्टीच्या आड त्याची चोरी लपली. एकाच वेळी पॅड, वायर, डॅम्पिंग सगळं बदललं, मग कशामुळे काय झालं ते कसं कळणार?

पण मोबाइलवरचा तो दणदणीत आवाज डोक्यातून जाईना. ६५० तीनशे ओहमचा आहे, म्हणजे त्याचा विद्युत रोध जास्त आहे, अँप्लिफायरशिवाय तो दबकाच वाजतो. मोबाइलवर तो इतका जोरात वाजणं शक्यच नाही. शेजारच्या काकांकडून हा रोध मोजायचा मल्टिमीटर आणला. एक पिन जॅकच्या टोकाला, दुसरी बुडाच्या कड्याला लावली. तीनशेच्या आसपास यायला हवं होतं, आकडा आला ३१. दुसऱ्या कानाचाही तेवढाच. पॅड काढून बघितलं, तर ड्रायव्हर (प्रत्यक्ष आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर) कडेने गरम डिंकाने चिकटवलेले. माझे मूळचे ड्रायव्हर त्याने काढून घेतले होते.

परत गेले, तर म्हणाला, 'तुम्ही दिला तेव्हा असाच होता.' ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. तिथे पहिला प्रश्न पावतीचा. माझ्याकडे आहे फक्त त्याचा 'रेडी आहे, या' हा मेसेज. तेवढ्यावर तक्रार नोंदवली आहे.

तुम्ही देणार असाल तर दुकानातच, त्याच्यासमोर दोन्ही कानांचा ओहम मोजा, पॅड काढून ड्रायव्हरचे फोटो घ्या आणि तो आकडा पावतीवर लिहून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा. खरं तर नुसते पॅड बदलायचे असतील तर घरीच बदला, ओढले की निघतात, दाबले की बसतात. मला हे आधी माहीत असतं, तर मी त्याच्या दारात गेलेच नसते.