कोपरखैरणे आणि माझं कोपर : पूल शिकण्याचे आठ महिने

पूल म्हणजे टेबलावर स्टिकने बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ. जूनमध्ये शिकायला सुरू केलं, आता फेब्रुवारी संपत आलाय. घर ठाण्यात नौपाड्याला, ऑफिस ऐरोलीला. म्हणजे आठवड्यातून दोनदा घराकडे पाठ करून तीन स्टेशनं पुढे कोपरखैरण्याला उतरायचं, तासभर खेळायचं आणि ट्रान्स-हार्बरने ठाण्याला परत. वय ४३.

कॅरम लहानपणापासून बरा खेळते, त्यामुळे 'कट' (कडेला मारून तिरकं घालायचा कोन) दिसतो या घमेंडीत गेले होते. दिसतोही. पण कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट जड, तो सोंगटीला हाणून पुढे जातोच. पूलमध्ये दोन्ही बॉल सारख्याच वजनाचे. व्हाइट, म्हणजे स्टिकने मारायचा पांढरा बॉल, स्वतःभोवती न फिरता सरळ जाऊन दुसऱ्याला लागला, की जागच्या जागी थांबतो. हे कळायला मला महिना लागला, कारण माझा व्हाइट कधी थांबतच नव्हता.

पहिले सर दिलखुलास. स्वतः खेळायला लागले की बघत राहावं. तिसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला साइड, म्हणजे व्हाइटला मधोमध न मारता बाजूला मारून फिरकी द्यायला, शिकवली. आता, व्हाइटला डावीकडे मारलं की तो निघतानाच किंचित उजवीकडे सरकतो, हे सांगितलंच नाही. मी नेम बरोबर धरायचे, बॉल पॉकेटच्या कडेला आपटून परत. सरांचं उत्तर एकच : "हात बसेल हळूहळू." दोन महिन्यांत हात बसला तो चुकीच्या जागी.

ऑगस्टमध्ये त्याच क्लबातल्या दुसऱ्या सरांकडे गेले. यांनी पहिले तीन तास एकही बॉल पॉकेटमध्ये घालू दिला नाही. व्हाइट समोरच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर) मारायचा आणि तो परत येऊन स्टिकच्या टोकालाच लागला पाहिजे. फटका मधोमध बसला नाही तर बॉल बाजूने निघून जातो, लपवालपवी नाही. मग त्यांनी मागून मोबाइलवर शूटिंग करून दाखवलं. फटका मारताना माझं कोपर बाहेर फेकलं जात होतं, आणि बॉल लागायच्या आतच मी मान वर करत होते, निकाल बघायला! मी शपथेवर सांगितलं असतं की मी हलत नाही.

"मॅडम, लाटणं आवळून धरलं तर पोळी होते का?" (आमच्याकडे पोळ्या नवरा करतो, पण मुद्दा पोचला.) मूठ सैल, दंड स्थिर, हलायचं ते फक्त कोपराखालचं. नेमासाठी त्यांनी एक जादा बॉल टार्गेटच्या (पॉकेटमध्ये घालायच्या बॉलच्या) मागे, पॉकेटच्या रेषेत चिकटवून ठेवला : "व्हाइटने इथे यायचं. टार्गेटकडे नको, या रिकाम्या जागेकडे बघा." बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे व्हाइटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून नेमका तेवढाच मागे यायला हवा. कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड जेमतेम दोन बॉलांएवढं. जवळच्या फटक्यात थोडं उन्नीस-बीस चालतं, लांबच्यात नाही.

तक्रारी आहेत. एका तासाचे सहाशे, टेबलाचं भाडं वेगळं. पावसाळ्यात कापड दमट होऊन बॉल रांगत होते. एसी नीट चालत नाही, त्यामुळे जुलैत शिकलेला जोर डिसेंबरात जास्त व्हायला लागला. कोपऱ्यातलं टेबल खिडकीकडे उतरतं, सगळ्यांना माहीत आहे, दुरुस्त कुणी करत नाही. बायकांसाठी वातावरण मात्र चांगलं, संध्याकाळी सातच्या आत गेलात तर. नंतर कॉलेजची पोरं आणि स्पीकर.

नव्याने जाणार असाल तर सरांचा खेळ बघून भुलू नका. आधी एक तास घ्या आणि ते तुमच्या मागे उभे राहतात का, एवढंच बघा. माझे पहिले सर कायम टेबलाच्या पलीकडे असायचे.

आता सरळ फटके दहातले सहा-सात जातात. आठ नंबरचा काळा बॉल वेळेआधी घालून हरणं बंद झालंय. स्क्रू बॅक, म्हणजे व्हाइटला खाली मारून धडकेनंतर मागे आणणं, अजून जमत नाही. परवा व्हाइटच्या खाली स्टिक खुपसली, तर तो उडी मारून टेबलाबाहेर, शेजारच्या पोरांच्या पायाशी. एकाने निमूट आणून दिला आणि म्हणाला, "काकू, उचलू नका. स्टिक आडवीच ठेवा."