वाचन-संकल्पाची नोंद: ॲप, शीट आणि शिवलेली वही, वर्षभराच्या वापरानंतर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणाऱ्या माझ्या ॲपमधला 'वर्षात इतकी पुस्तकं वाचीन' या संकल्पाचा आकडा एका रात्रीत तीनने उतरला. पुस्तकं 'वाचलेली' या कप्प्यात जशीच्या तशी होती. फक्त त्यांची 'संपल्याची तारीख' कोरी झाली होती. एकाच पुस्तकाची एक नोंद रोमन लिपीत, दुसरी देवनागरीत. कुणीतरी त्या दोन्ही एकत्र केल्या आणि तारखा गळाल्या. तक्रारीवर उत्तर आलं ते ठरावीक: ॲप काढून पुन्हा टाका. वर्षाची वर्गणी घेऊन हेच मिळणार असेल तर ती वर्गणी पुढच्या वर्षी पुस्तकांवर खर्च केलेली बरी.

लक्ष्य कसं ठेवायचं, पट्टी कशी भरते, तारे कुठे द्यायचे हे वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर लिहीत नाही. मुद्दा त्या एका रकान्याचा आहे. संकल्पाचा आकडा पुस्तकं मोजत नाही, यंदाच्या वर्षात पडणाऱ्या 'संपल्याच्या तारखा' मोजतो. तारीख कोरी, तर पुस्तक वाचूनही आकड्यात नाही. शिवाय 'वाचलं' दाबलं की ॲप स्वतःहून आजची तारीख घालतं. ३० डिसेंबरला संपवलेलं पुस्तक २ जानेवारीला नोंदवलं तर ते पुढच्या वर्षात जातं. पुनर्वाचनात नवी वाचन-नोंद जोडायच्या ऐवजी जुनीच तारीख बदलली, तर मागल्या वर्षाचा आकडा एकने कमी होतो. म्हणून 'वाचलं' दाबल्यावर लगेच त्या नोंदीत शिरून तारीख डोळ्यांनी पाहायची. दर महिन्याच्या शेवटी यादी त्या तारखेप्रमाणे लावायची. कोरे रकाने एका टोकाला गोळा होतात आणि चोरी तिथेच सापडते.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत हा धोका जास्त, कारण नोंदीच दुहेरी-तिहेरी असतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, हे मानक १९७० चं; त्याआधी छापलेल्या पुस्तकावर तो नसतो. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची. तिथून जुनं मराठी पुस्तक घरी आणलं तर मागे बारकोडची पट्टी स्कॅन करायला नसतेच. मग शोध नावावर येतो आणि तिथे अक्षरं दगा देतात. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतात, २००८ साली आलं. त्याआधीची पद्धत म्हणजे 'अ' आणि त्यावर वेगळी चंद्रखूण. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. 'ऱ'चंही तेच: एकसंध, किंवा 'र' आणि खाली नुक्ता (टिंब). लेखकाच्या आद्याक्षरांमध्ये जागा सोडली की नाही, यावरही निकाल बदलतो. पुस्तक सापडलं नाही की माणूस नवी नोंद तयार करतो, आणि पुढे कुणीतरी ती दुसरीत मिसळतो. शोधताना अशी अक्षरं टाळून शीर्षकातला साधा शब्द टाकावा. निम्म्या वेळा जुनी नोंद सापडते.

आयएसबीएन असेल तर तोही नीट लिहावा. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी झाला. जुन्या दहा अंकी क्रमांकापुढे ९७८ लावून भागत नाही. शेवटचा तपासअंक काढून नव्याने मोजावा लागतो. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, आणि ती दहाच्या पटीत आणायला जो अंक लागेल तो तेरावा. भारतीय क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो. क्रमांकच नसेल तर लेखकाचं आडनाव, शीर्षकाचा पहिला शब्द आणि आवृत्तीचं वर्ष जोडून आपली खूण करावी. हे सगळं शीर्षकपानाच्या मागच्या पानावर असतं. ग्रंथालयाचं पुस्तक परत करण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा, आणि तिथलं 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' यांची गल्लत करू नका.

ॲपमधून सगळं बाहेर काढून शीटवर, म्हणजे एक्सेल किंवा गूगल शीटच्या तक्त्यात, आणणं फुकट आहे, पण बाहेर आलेल्या सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडू नये. देवनागरीचा चुथडा होतो आणि तेरा अंकी क्रमांक ९.७८ई+१२ असा आखडतो. 'डेटा'मधून मजकूर-फाइल म्हणून आत घ्यावी, संकेतपद्धती यूटीएफ-८ निवडावी, आयएसबीएनचा स्तंभ 'टेक्स्ट' ठेवावा.

माझी शीट सात स्तंभांची आहे: शीर्षक, लेखक, आवृत्ती व वर्ष, खूण, प्रकार, सुरुवात, शेवट. पानं मोजत नाही. कवितासंग्रहाची ऐंशी पानं आणि कादंबरीची ऐंशी पानं एका मापात बसत नाहीत. आकडा काढायला 'काउंटइफ्स' हे अटींत बसणाऱ्या नोंदी मोजणारं सूत्र पुरतं: शेवटाची तारीख १ जानेवारी किंवा नंतरची आणि ३१ डिसेंबर किंवा आधीची.

इथेही तोच रकाना नडतो. गूगल शीटचं लोकेल (कोणत्या देशाची पद्धत वापरायची ती सेटिंग) अमेरिकेचं असेल तर महिना आधी धरला जातो. ०३/०४ लिहिलेला ३ एप्रिल हा ४ मार्च होतो. वर्ष तेच राहतं, म्हणून लक्षात येत नाही. २५/१२ मात्र तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, साधा मजकूर राहते, आणि 'काउंटइफ्स' तिला मोजत नाही. म्हणजे महिन्याच्या १२ तारखेनंतर संपलेली पुस्तकं गायब! उपाय: फाइल, सेटिंग्ज, लोकेल भारत, मग स्तंभाला तारखेचं स्वरूप. ओळख सोपी आहे, खरी तारीख चौकटीत उजवीकडे टेकते, मजकूर झालेली डावीकडे. अंक इंग्रजीच टाकावेत.

मेपर्यंत मी शीटलाच पाच तारे दिले असते आणि वहीला एकही नाही. पावसाने ते मत बदललं. जूनमध्ये वीज जाते, फोनची बॅटरी राखून ठेवावी लागते, नोंद 'उद्या करू' म्हणून मागे पडते, आणि मग तारीख अंदाजाने लिहिली जाते. अंदाजाची तारीख म्हणजे ॲपने पुसलेल्या तारखेचीच बहीण. पुस्तक मिटल्या क्षणी वहीत एक ओळ लिहिली की ती तारीख कुणी हलवू शकत नाही. आता पहिली नोंद वहीत, आठवड्याने शीटमध्ये.

वही मात्र बघून घ्यावी. पिना मारलेली नको. इथल्या खाऱ्या दमट हवेत पिना गंजतात, तपकिरी डाग पडतात आणि मधली पानं सुटतात. शिवलेल्या बांधणीची, साध्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही म्हापशाच्या बाजारात कुठल्याही महागड्या 'वाचन-डायरी'पेक्षा स्वस्त मिळते आणि जास्त टिकते. जेल पेन ओल लागली की पसरतं, साधं बॉलपेन किंवा पेन्सिल बरी. पावसाळाभर ती बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, भिंतीला टेकवून नको.

ॲपची 'तुम्ही इतकी पुस्तकं मागे आहात' ही पाटी गोव्यात निरुपयोगी आहे. ती लक्ष्य ३६५ दिवसांत सारखं वाटते. चाळीसचं लक्ष्य असेल तर एप्रिलअखेर तेरा हवीत म्हणते. जत्रा, काले (देवळातले उत्सव), गावची नाटकं, मग शिगमो (गोव्यातला होळीचा सण). या महिन्यांत रात्री मोकळ्या कुठे असतात? माझी वाटणी अशी: जानेवारी ते एप्रिल दरमहा दोन, मे चार, जून-जुलै-ऑगस्ट सहा-सहा, सप्टेंबर आणि ऑक्टोबर दोन-दोन, नोव्हेंबर-डिसेंबर तीन-तीन. चवथ (गणेशचतुर्थी) ऑगस्टात आली तर ऑगस्ट-सप्टेंबरची थोडी अदलाबदल. शीटमध्ये बारा चौकटींत हे लिहून त्यांची चढती बेरीज ठेवली की मागे-पुढेचा हिशेब खरा निघतो.

दिवाळी अंकाचा वाद दरवर्षी होतो. पूर्ण वाचलेला अंक मोजावा असं माझं ठाम मत आहे. निवडक कथा चाळल्या तर नाही. तो नियतकालिक असल्याने ॲपमध्ये बहुधा सापडत नाही, म्हणून 'प्रकार' स्तंभ. दिवाळी अंक धरून आणि वगळून, दोन्ही बेरजा वेगळ्या निघतात, ज्याला जी मानायची ती मानावी. नाट्यसंहिता मात्र पुस्तकच.

ॲपला दोन तारे, तेही पुढे काय वाचायचं हे शोधायला सोयीचं म्हणून. शीटला चार. वहीला पाच. ३१ डिसेंबरला अर्धवट राहिलेलं पुस्तक शीटच्या नव्या पानावर सुरुवातीच्या तारखेसह उतरवा, शेवटाचा रकाना मोकळा सोडा आणि जुन्या पानाची पीडीएफ करून ठेवा.