पबमेड, एमबेस, कॉक्रेन की गूगल स्कॉलर: वैद्यकीय संदर्भ कुठे आणि कसे शोधावेत?

एखाद्या उपचाराबद्दल पटकन एक भरवशाचे उत्तर हवे आहे, की पद्धतशीर आढावा (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून घेतलेला आढावा) लिहायचा असल्याने उपचाराची एकही चाचणी निसटलेली चालणार नाही, हे ठरल्याशिवाय डेटाबेसांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही, कारण पहिल्या कामातला गुण दुसऱ्या कामात दोष ठरतो.

बहुतेकांची सुरुवात पबमेडपासून होते आणि ती योग्यच आहे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे हे साधन विनामूल्य आहे आणि त्याचा गाभा असलेल्या मेडलाइन या डेटाबेसमधील नोंदींना ‘मेश’ या नियंत्रित शब्दसंग्रहातील, म्हणजे एका संकल्पनेसाठी एकच ठरलेली संज्ञा असलेल्या यादीतील, विषयशीर्षके दिलेली असतात. शोधचौकटीत नुसते ‘पॅरासिटामॉल’ लिहिले, तर पबमेड तो शब्द आपणहून ‘ॲसिटामिनोफेन’ (त्याच औषधाचे दुसरे नाव) या मेश शीर्षकाशी जोडते. मात्र त्याच शब्दाला अवतरणचिन्हे दिली, शेवटी तारांकन लावले किंवा शोध फक्त शीर्षक आणि सारांशापुरता मर्यादित केला, की ही जोडणी बंद पडते आणि ‘ॲसिटामिनोफेन’ एवढाच शब्द वापरणारे लेख हाती लागत नाहीत. अवतरणचिन्हांनी शोध नेमका होतो हा समज अर्धाच खरा आहे. पबमेडने आपल्या शब्दांचे नेमके काय केले, हे ‘ॲडव्हान्स्ड’ पानावरील शोधाच्या तपशिलात दिसते. ते पाहण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

उलट, केवळ मेशवर विसंबणेही धोक्याचे आहे. अगदी नव्या काही नोंदींना शीर्षके मिळालेली नसू शकतात आणि मेडलाइनबाहेरच्या अनेक नोंदींना ती मिळतच नाहीत. म्हणून प्रत्येक संकल्पनेसाठी मेश शीर्षक आणि मुक्त शब्द ‘ऑर’ने (यांपैकी कोणताही) जोडावेत आणि असे तयार झालेले गट एकमेकांशी ‘अँड’ने (सगळे एकत्र) जोडावेत. ‘फक्त मानव’ हा निरुपद्रवी वाटणारा फिल्टरही मेशवरच चालतो, त्यामुळे तो लावताच सर्वांत ताजे लेख गळण्याची शक्यता असते.

एमबेस हे एल्सेव्हिअरचे आणि वर्गणीचे आहे. औषधे, त्यांचे दुष्परिणाम, वैद्यकीय उपकरणे, युरोपीय नियतकालिके आणि परिषदांमधील सारांश या बाबतींत ते पबमेडपेक्षा सरस आहे. त्याचा शब्दसंग्रह ‘एमट्री’ असून तिथे मुख्य संज्ञा ‘पॅरासिटामॉल’ हीच आहे. त्यामुळे पबमेडसाठी बांधलेली शोधरचना तशीच उचलून इथे चिकटवता येत नाही, ती नव्याने उतरवावी लागते. एका लेखाला एमट्रीच्या संज्ञा भरपूर जोडलेल्या असल्याने अनावश्यक नोंदींचा ढीगही मोठा येतो. तो निवडायला वेळ नसेल, तर एमबेसचा फायदा कागदावरच राहतो.

गूगल स्कॉलर लेखाच्या संपूर्ण मजकुरात शोधते, हे त्याचे बळ आहे. परंतु त्याला नियंत्रित शब्दसंग्रह नाही, एका शोधाचे पहिले 1000 निकालच पाहता येतात आणि त्यांचा क्रम कसा लागतो हे उघड नसल्याने तोच शोध नंतर तसाच करून दाखवता येत नाही. माझ्या मते त्याचा खरा उपयोग एकच: हाती असलेल्या महत्त्वाच्या लेखाचा संदर्भ पुढे कोणी दिला, हे पाहणे.

एका प्रश्नापुरते उत्तर हवे असल्यास आधी कॉक्रेन लायब्ररीत, म्हणजे पद्धतशीर आढाव्यांच्या संग्रहात, तयार आढावा आहे का ते पाहावे आणि नसल्यास पबमेडच्या ‘क्लिनिकल क्वेरीज’ या उपचारविषयक प्रश्नांसाठीच्या तयार फिल्टरांकडे वळावे. पद्धतशीर आढाव्यासाठी मात्र मेडलाइन, एमबेस आणि कॉक्रेनचे ‘सेंट्रल’ (नियंत्रित चाचण्यांची नोंदवही) ही तिन्ही पाहावीत आणि प्रत्येक ठिकाणची पूर्ण शोधरचना तारखेसह नोंदवून ठेवावी. एमबेसची वर्गणी नसेल, तर ‘सेंट्रल’चे महत्त्व आणखी वाढते, कारण एमबेसमधील नियंत्रित चाचण्यांच्या नोंदी त्यात घेतल्या जातात, पण दुर्मीळ दुष्परिणामांचा शोध घ्यायचा असेल, तर ही पळवाट उपयोगी पडत नाही, कारण अशी माहिती बहुधा चाचण्यांबाहेरच्या निरीक्षणात्मक अभ्यासांत आणि रुग्णवृत्तांतांत असते.