नोकरीचा फॉर्म नीट भरला, म्हणूनच फसले

आमचे बाबा गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षक होते. वाड्यावरच्या कितीतरी जणांचे अर्ज त्यांनी भरून दिले. त्यांचा एकच नियम असायचा. रकाना रिकामा सोडायचा नाही, लागू नसेल तिथे आडवी रेघ मारायची. मामलेदार कचेरीतून पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, एम्प्लॉयमेंट कार्ड, मार्कशीट, सगळं एका फाइलीत लावलेलं. मीही तशीच शिकले, आणि २०२४ च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्याच सवयीने मी फसले.

मी बी.कॉम. झालेली, म्हापशात एका दुकानात हिशेब बघत होते. मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या भागातल्या प्रत्येक घरात कुणीतरी तिथल्या नोकरीची वाट बघतंय. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली, विमानतळावर ग्राउंड स्टाफ, पगार अठ्ठावीस हजार, सोबत अर्जाची लिंक. जाहिरात पाठवणारी माझी मैत्रीणच होती. तिलाही ती दुसऱ्या कुणीतरी पाठवलेली.

फॉर्म अगदी खरा वाटला. शिक्षण, अनुभव, भाषा, दोन ओळखीच्या माणसांची नावं. मी रात्री अकरापर्यंत बसून भरला. शेवटच्या पानावर आधारची दोन्ही बाजूंची प्रत, पॅन, बँक खाते क्रमांक, कोऱ्या कागदावरची सही आणि चेहरा डावी-उजवीकडे वळवून काढलेला व्हिडिओ मागितला होता. मी सगळं दिलं. अजून मुलाखतही झालेली नाही, मग पगाराचं खातं आत्ताच कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी एका माणसाचा फोन आला. नोंदणीचे ८५०, मेडिकलचे ६,००० आणि युनिफॉर्मचे ४,५००. सगळे पहिल्या पगारात परत मिळणार म्हणे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी कुणा एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, त्या आमच्या अकाउंटंट आहेत." एकूण ११,३५० रुपये गेले. त्या बदल्यात ईमेलवर नेमणूक पत्र आलं, गोल शिक्क्यासकट. त्यात मोपा गाव बार्देश तालुक्यात दाखवलं होतं. आमच्याच तालुक्यातलं गाव, तरीही नोकरीच्या आनंदात मी ती ओळ वाचून पुढे गेले.

खरा घाव त्यानंतर बसला. चवथीच्या दोन दिवस आधी मी आईबरोबर म्हापशाच्या माटोळी बाजारात होते, गणपतीवर टांगायची फळं-पानं घ्यायला. एका हातात सुपाऱ्यांचा घड, दुसऱ्या हातात फोन. तो म्हणाला, "फॉर्म फायनल सबमिट करायचाय, ओटीपी सांगा." गर्दीत मी मेसेज उघडला आणि फक्त सहा आकडे वाचून दाखवले. वरच्या ओळीत ई-साइनसाठी, म्हणजे ऑनलाइन सहीसाठी, असं लिहिलं होतं, ते घरी आल्यावर दिसलं, पण अर्थ कळला नाही. संध्याकाळी खात्यात ३८,००० रुपये जमा झाले. लगेच फोन, "कंपनीचे ट्रेनिंगचे पैसे चुकून तुमच्याकडे आले, परत पाठवा, नाहीतर जॉइनिंग थांबेल." दुसऱ्याचे पैसे घरात ठेवायचे नाहीत, असं आमच्याकडे शिकवलेलं. मी ते लगेच पाठवून दिले.

ते माझ्याच नावावर काढलेलं कर्ज होतं. माझ्या कागदांवर, माझ्या चेहऱ्याच्या व्हिडिओवर, माझ्या ओटीपीवर. महिन्याभराने हप्त्याचा फोन आला तेव्हा कळलं. तोवर नेमणूक पत्रावरचा नंबर बंद पडलेला.

त्याच सुमारास सरकारी नोकरीसाठी लाखो रुपये घेतल्याची प्रकरणं गोव्यात बाहेर येत होती. लोक म्हणायचे, पैसे देऊन नोकरी घ्यायला जातात म्हणून फसतात. मी लाच दिली नव्हती, वशिला लावला नव्हता, फक्त अर्ज भरला होता. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे बोलणं.

अर्जात शिक्षण, अनुभव, पत्ता, फोन एवढं पुरतं. बँक खातं आणि पॅन नेमणूक झाल्यावर, कार्यालयात जाऊन, समोरच्या माणसाला द्यावं. ओटीपी मागणारा अर्ज असेल तर मेसेज पहिल्या अक्षरापासून वाचा, तो कशासाठी आलाय ते त्यातच लिहिलेलं असतं. आधार द्यावंच लागलं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, आणि झेरॉक्सवर तारीख व कारण आडवं लिहा. खात्यात अनोळखी पैसे आले तर स्वतः परत पाठवू नका, बँकेत जाऊन लेखी कळवा. आणि पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी महिनाभर उशीर केला, तोवर पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते.

बाबा माझ्याबरोबर पोलिसांत आले. तक्रारीचा कागदही त्यांनीच भरला, एकही रकाना न सोडता. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढला तेव्हा दुसरं कर्ज नव्हतं, एवढाच धीर. कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवलं, तीस दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून अशा तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केलाय. धाकटा भाऊ आता नोकरीचे अर्ज भरतो. परवा एका फॉर्मवर खाते क्रमांकाचा रकाना होता. बाबांनी त्याच्या हातातून पेन घेतलं आणि तिथे आडवी रेघ मारली.