गुडघ्यावरची कायनेसिओलॉजी टेप : पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी गुडघ्याला किंवा पोटरीला निळी-गुलाबी टेप, म्हणजे ताणली जाणारी चिकट कापडी पट्टी, लावलेले धावपटू हमखास दिसतात. वाटीभोवतीच्या दुखण्यासाठी मीही ती पावसाळ्यापासून वापरत आहे.

टेप लावून पळताना गुडघा मोकळा वाटतो आणि गंगापूर रोडच्या उतारावर पाऊल बिचकत नाही, हा अनुभव खरा आहे. त्याचे श्रेय मात्र टेपच्या ताणाला देता येणार नाही. ही पद्धत १९७०च्या दशकात जपानमधील केंझो कासे यांनी विकसित केली आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर ती जगभर पोहोचली. त्वचा किंचित उचलली गेल्याने खालचा रक्तप्रवाह सुधारतो, असा दावा केला जातो. परंतु ताण देऊन लावलेली आणि नुसती चिकटवलेली टेप यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत दोहोंतला फरक बहुधा नगण्यच आढळला आहे. म्हणून मी माझ्या फिजिओंना विनंती केली, की कधी ताण देऊन, कधी न देता टेप लावावी आणि मला सांगू नये. कोणत्या दिवशी कोणती होती, हे मला पळताना एकदाही खात्रीने ओळखता आले नाही.

तरीही केवळ विश्वासातून होणारा हा परिणाम क्षुल्लक मानणे मला पटत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंना प्रत्येक वेळी निष्क्रिय, म्हणजे औषध नसलेली, गोळीच दिली होती. कॅफिनचा मोठा डोस मिळाला असे समजून त्यांनी सुमारे ३.१ टक्के अधिक शक्ती लावली, तर आपल्याला निष्क्रिय गोळी मिळाली असे वाटले तेव्हा ती १.४ टक्क्यांनी घटली. प्रयोग अवघ्या सहा जणांवरचा होता, पण शर्यतीत एवढा फरक फार मोठा असतो.

टेप म्हणून सांगायचे, तर कोरड्या हवेत ती तीन-चार दिवस टिकते आणि पावसात कडा लवकर सुटतात. कोपरे गोल कापावेत, त्वचेला तेल नसावे आणि खाज सुटली तर लगेच काढावी.

माझी खरी काळजी होतकरू मुलांविषयी आहे. कविता राऊत, संजीवनी जाधव या धावपटूंच्या जिल्ह्यात लांब पल्ल्याच्या धावण्याची ओढ मोठी आहे, आणि नडगीच्या हाडाला ताणामुळे बारीक तडा गेलेला असताना टेपने वेदना सुसह्य झाली, तर मुलगी पळतच राहील. हाडावर एकाच जागी दाबून दुखत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे.

माझा गुडघा सुधारला तो मांडी आणि खुब्याच्या व्यायामांनी. ते चुकवायचे नाहीत या अटीवर, लांब पल्ल्याच्या दिवसापुरती टेप मी पुढेही लावणार आहे.