ग्लॉब की रेगेक्स?
ऐरोलीच्या ऑफिसात रोज रात्री फोल्डरभर फायली येऊन पडतात. त्यातल्या विक्रीच्या तेवढ्या उचलायच्या. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ग्लॉबला (नमुन्यावरून फायलींची नावं शोधणारं साधन) ‘विक्री_*.सीएसव्ही’ सांगितलं की झालं. * म्हणजे काहीही, ? म्हणजे नेमकं एक अक्षर. ठाणे लोकलच्या गर्दीत मोबाईलवर वाचलं तरी कळतं. पण ‘विक्री_जुनी.सीएसव्ही’ही बिनबोभाट आत शिरते. तारखेचे ८ आकडेच हवेत, तर ग्लॉबमध्ये आकड्यांचा चौकटी कंस, म्हणजे [0-9], आठदा लिहा. रेगेक्समध्ये (मजकुराचे नमुने लिहायची जास्त काटेकोर पद्धत) एकदाच, पुढे महिरपी कंसात ८. मात्र तिथे टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, म्हणून त्याआधी उलटी तिरकी रेघ हवी. शिवाय रेगेक्सचं मॅच हे फंक्शन नावाचा शेवट तपासत नाही. फुलमॅच वापरा, नाहीतर ‘.सीएसव्ही.जुनी’ही चालून जाते. (मी एकदा पस्तावलोय.) ग्लॉब क्रमाची हमी देत नाही, सॉर्ट करून घ्या. माझा हात आधी ग्लॉबकडेच जातो. रेगेक्स अडलं तरच.